सुट्टीवर आलेले कॅडेट

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचं पाणी भर जुलैतही इतकं गार असतं की घोटाभर पाण्यात दोन मिनिटं उभं राहिलं तरी पायाची हाडं ठणकायला लागतात. तापमान १४-१५ अंश. भारतातून आलेली पाहुणेमंडळी सलवारी-पँटी दुमडून हौसेने धावत जातात आणि त्याहून जोरात किंचाळत परत येतात. आम्ही सॅन फ्रान्सिस्को बे एरियातले जुने लोक आता शहाणे झालोय. स्वेटर घालून वाळूत बसतो आणि डब्यातून आणलेली भेळ कालवतो. पाण्यात जे असतात ते सगळे मानेपासून घोट्यापर्यंत काळ्या रबरी सूटमध्ये. हे सूट १९५० च्या दशकात निघाले आणि ज्याच्या नावाने ते जगभर खपतात त्या जॅक ओ'नीलने १९५९ साली आपलं दुकान याच गावात आणलं. त्याच्या आधी इथल्या समुद्रात तासभर राहायचं तर पाण्याची ओढ हाडातच असायला हवी.

जुलै १८८५ मध्ये तशी ओढ असलेली तीन मुलं इथे होती. सॅन लोरेन्झो नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लाटा सुंदर होत्या, तीस-चाळीस जण पाण्यात उतरले होते, आणि हवाईचे तरुण राजपुत्र आपल्या बेटांवरच्या रीतीने फळीवरून पोहण्याचं प्रात्यक्षिक दाखवत मजेत होते, अशी बातमी २० जुलैच्या स्थानिक दैनिकात आली. दैनिकाचं नाव 'सर्फ'. या किनाऱ्यावर सर्फिंग कशाशी खातात हे कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून ते याच नावाने निघत होतं. असले योगायोग कथेत घातले तर संपादक खोडून टाकेल.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्फिंग झाल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. म्हणून सर्फिंगवाल्यांच्या इतिहासात ही तीन मुलं पहिल्या पानावर असतात. पण ती इथे सर्फिंग करायला आलेली नव्हती. ती होती सॅन मटेओच्या सेंट मॅथ्यूज हॉल या लष्करी शाळेतले कॅडेट, उन्हाळ्याच्या सुट्टीवर आलेले. थोरला डेव्हिड कवानानाकोआ सतरा वर्षांचा, मधला एडवर्ड केलिइआहोनुइ सोळा वर्षांचा आणि धाकटा जोना कुहिओ कलानिआनाओले चौदा. मला त्यांच्या लाटांइतकंच त्यांच्या शाळेचं कुतूहल आहे. लाटांवरचे दिवस थोडेच असणार. शाळेतली वर्षं, निदान धाकट्याच्या वाट्याला आलेली, चार होती.

सॅन मटेओ माझ्या रोजच्या वाटेवरचं गाव. कॅलट्रेन तिथे मिनिटभर थांबते. हा लोहमार्ग १८६० च्या दशकातला आहे, म्हणजे राजपुत्रही याच रुळांवरून सॅन फ्रान्सिस्कोला जा-ये करत असणार. आल्फ्रेड ली ब्रूअर नावाच्या एपिस्कोपल पाद्र्याने १८६६ मध्ये ही शाळा काढली. यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं. त्या काळात अमेरिकेत लष्करी शाळांचं पेव फुटलं होतं. त्यातून सगळे सैन्यात जायचेच असं काही नव्हतं. पैसेवाल्या घरांतून मुलाला वळण लागावं, ताठ उभं राहता यावं, चार प्रतिष्ठित घरांतल्या मुलांशी ओळखी व्हाव्यात म्हणून पाठवायचे. गणवेश, कवायत, प्रार्थना आणि लॅटिन असा तो मामला. आपल्याकडे आजही 'जरा हॉस्टेलला टाका, सुधारेल' म्हणतात, त्यातलाच प्रकार, फक्त फी भरपूर.

माझा दादा साताऱ्याच्या सैनिक शाळेत होता. त्यामुळे असल्या शाळेचा वास मला घरबसल्या परिचयाचा: बूट पॉलिश, स्टार्च आणि मेसमधली डाळ. दादा पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा सकाळी उठून त्याने अंथरुणाची घडी घातली आणि चादरीची कड ताणून बसवली, इतकी की आईला ती मोडायचं धैर्य होईना. जेवताना तो पाठ भिंतीला न टेकता बसला. आजीने 'बाळ, जरा सैल बस की' म्हटलं तर त्याला ते जमेना. आजीला वाटलं पोरगं घाबरलंय. तो घाबरला नव्हता, त्याच्या अंगात शाळा शिरली होती. दोन आठवड्यांत ती उतरली आणि तो ओढ्यावर पोहायला जायला लागला. मग परत जायची वेळ आली. दादा आता म्हणतो, 'सुट्टी संपताना जे पोटात होतं ना, ते नंतर कुठल्याच परीक्षेत झालं नाही.'

त्या तिघांना सुट्टीत जायला घरच नव्हतं. म्हणजे होतं, पण होनोलुलुला. जहाजाने साधारण आठवड्याच्या अंतरावर. 'मरिपोसा' आणि 'अलमेडा' अशा दोन आगबोटी त्या मार्गावर चालत. त्यांची कंपनी स्प्रेकल्स घराण्याची. क्लाऊस स्प्रेकल्स म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा साखरसम्राट. हवाईत त्याचे उसाचे मळे, सॅन फ्रान्सिस्कोत साखर शुद्ध करायचा कारखाना, मध्ये ये-जा करायला स्वतःच्याच घरच्या बोटी. राजाला कर्ज देणाराही तोच. बेटांवरून साखर आणि राजपुत्र सगळं एकाच माणसाच्या हातून इकडे येत होतं म्हटलं तरी फार चुकणार नाही.

आईवडीलही नव्हते. वडील डेव्हिड पिइकोइ १८७८ मध्ये गेले. आई, राजकन्या केकाउलिके, जानेवारी १८८४ मध्ये. मावशी कपिओलानी म्हणजे राजा कालाकाउआची राणी. तिला मूलबाळ नव्हतं. तिने आणि दुसऱ्या मावशीने मुलांना पदराखाली घेतलं. नातलगाचं मूल आपलं म्हणून वाढवायची तिथली रीत फार जुनी, सरदार घराण्यांत तर नेहमीचीच. कालाकाउआने आपल्या १८८३ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तिघांना राजपुत्र ही पदवी दिली. म्हणजे पदवी मिळाली, आई गेली आणि बोटीत बसले, हे सगळं दोन-अडीच वर्षांत. 'सर्फ'च्या बातमीत ती मुलं मजेत असल्याचं लिहिलंय ते वाचताना हे हिशेबात धरावं लागतं.

कालाकाउआबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या सगळ्यामागे त्याचं डोकं होतं. १८८१ मध्ये तो जगप्रवासाला निघाला. सिंहासनावर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा. जपान, चीन, सयाम करत कलकत्त्याला आला आणि तिथून रेल्वेने आपल्या मुंबईला, मग बोटीने सुवेझकडे. आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या कोणीतरी बोरीबंदराच्या परिसरात हा उंचापुरा, गालमिश्या राखलेला सावळा राजा पाहिला असेल, आणि कुठल्या संस्थानचा म्हणून विचारलं असेल. त्याचं उत्तर तेव्हाच्या मुंबईत कोणाला पटलं नसतं: कुठल्याच साहेबाच्या हाताखालचा नाही. हवाई तेव्हा सार्वभौम देश होता. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका या सगळ्यांशी त्याचे तह होते.

तो टिकवायचा कसा, हा कालाकाउआचा प्रश्न. त्याच्या मंत्रिमंडळात गोरे, मळ्यांचे मालक गोरे, वकील-डॉक्टर गोरे. त्यातले बरेचसे मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं. तेव्हा आपलीच पोरं बाहेर पाठवून शिकवून आणायची असं त्याने ठरवलं, आणि १८८० पासून सरकारी खर्चाने हवाईयन तरुण परदेशी जाऊ लागले. एकूण अठरा जण, त्यात एक मुलगी. इटली, इंग्लंड, स्कॉटलंड, जपान, चीन, अमेरिका. रॉबर्ट विलकॉक्स आणि त्याचे दोन सोबती इटलीच्या लष्करी अकादम्यांमध्ये गेले. त्यांपैकी जेम्स बूथ १८८४ मध्ये नेपल्सला पटकीने वारला. राजपुत्रांना कॅलिफोर्नियात धाडणं हा याच विचाराचा घरगुती भाग.

त्याच १८८५ साली आपल्याकडे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या अकरा वर्षांच्या शाहू महाराजांना राजकोटच्या राजकुमार कॉलेजात पाठवलं गेलं. तिथे पाठवणारे इंग्रज होते आणि वारस आपल्या साच्यात बसवायचा हा हेतू उघड होता. कालाकाउआचं तसं नाही. तो स्वतः होऊन आपली मुलं त्या साच्यात घालत होता, कारण तो साचा कळल्याशिवाय त्या लोकांपुढे टिकाव लागणार नाही हे त्याने ओळखलं होतं. हा डाव मला धाडसाचा वाटतो. काही हवाईयन अभ्यासक त्याला भोळेपणा म्हणतात. दोन्ही असू शकतं.

कॅलिफोर्निया तेव्हा सावळ्या माणसासाठी बरी जागा नव्हती. चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा १८८२ चा, आणि त्याची सगळ्यात मोठी आरोळी याच राज्यातून उठलेली. सॅन मटेओच्या रस्त्यावरून तीन सावळी मुलं साध्या कपड्यांत चालली असती तर लोकांनी त्यांना काय समजून काय ऐकवलं असतं ते सांगायला नको. गणवेशात तीच मुलं कॅडेट होती. माझा अंदाज असा की त्या शाळेने त्यांना दिलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच: कोणत्या खोलीत कोणत्या कपड्यांत आणि कोणत्या आवाजात शिरलं की दार उघडतं याची समज. धाकट्या कुहिओने ती पुढे आयुष्यभर वापरली. त्याचा गोल हसरा चेहरा बघून लोकांनी त्याचं नाव 'क्युपिड' पाडलं होतं आणि मोठेपणीही वर्तमानपत्रं त्याला 'प्रिन्स क्युपिड' म्हणत. हे लाडाचं नाव आहे की हिणवण्याचं, ते म्हणणाऱ्यावर अवलंबून. त्याने ते मिरवलं.

सांताक्रूझला तिघं उतरले ते अँटोनेट स्वान यांच्याकडे. या बाई हवाईत जन्मलेल्या. वडील डॉन फ्रान्सिस्को मारीन, हवाईचा पहिला राजा कामेहामेहा याच्या काळात होनोलुलुला येऊन राहिलेले स्पॅनिश गृहस्थ. राजाचे दुभाषे, सल्लागार आणि हौशी बागाईतदार. त्यांच्या द्राक्षमळ्याच्या नावाचा रस्ता होनोलुलुत अजून आहे. अँटोनेटबाई लग्न करून कॅलिफोर्नियात आल्या आणि सांताक्रूझला स्थायिक झाल्या. वर्षभर शाळेत शिस्तीत वागलेल्या पोरांना आपल्या बेटांची माणसं, आपल्या बेटांच्या गप्पा मिळतील असं एक घर इथे होतं. परदेशात राहणाऱ्याला अशा घराची किंमत समजावून सांगावी लागत नाही. फ्रीमॉन्टला अशा एक काकू होत्या, त्यांच्याकडे दर गणपतीला कोणी न कोणी विद्यार्थी चटईवर झोपलेला असायचा.

आता फळ्या. हवाईत लाटेवर जायच्या फळ्यांतही दर्जा होता. 'ओलो' नावाची लांबलचक, जाड फळी सरदारांची, 'अलाया' ही आखूड, पातळ फळी सगळ्यांची. ओलोसाठी विलिविलीचं हलकं लाकूड पसंत करत. सांताक्रूझला विलिविली कुठून आणणार? पण गावामागच्या डोंगरात रेडवूड होता, आणि तो कापणाऱ्या गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या; अर्धं सॅन फ्रान्सिस्को या झाडांनी बांधलंय. मुलांनी गिरणीतून रेडवूडच्या फळ्या कापून घेतल्या आणि आपल्या माहितीप्रमाणे आकार देऊन घेतल्या. ओलोच्या घाटाच्या.

त्यांतल्या दोन फळ्या टिकल्यात. होनोलुलुच्या बिशप म्युझियममध्ये आहेत. २०१५ च्या उन्हाळ्यात त्या सांताक्रूझच्या म्युझियममध्ये प्रदर्शनाला आणल्या होत्या तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. मला चित्रातल्यासारखी निमुळती, चकचकीत काहीतरी वस्तू अपेक्षित होती. समोर होती ती वाड्याच्या ओसरीवरच्या झोपाळ्याची फळी, फक्त तिप्पट लांब. पंधरा फुटांच्या आसपास, गडद तपकिरी, कडेने गोलसर केलेली. पाण्यातून काढल्यावर या फळीचं वजन दोनशे पौंडांच्या घरात असणार. एकट्याने उचलायचा विषयच नाही. वळवता येत नाही, तोल एकदा धरला की ती नेईल तिकडे जायचं. नवरा म्हणाला, 'ही पाण्यात न्यायलाच दोन जण लागतील.' शेजारी उभा असलेला एक पिकल्या केसांचा सर्फर म्हणाला, 'न्यायला दोन, आणि अंगावर येताना चुकवायला बाकी सगळे.'

चौदा वर्षांचा पोरगा, गार पाणी, साध्या पोहण्याच्या कपड्यांत, असल्या ओंडक्यावर उभा. काठावर गावातली मंडळी. कवायतीत त्याच मंडळींनी त्याला पाहिलं असतं तर 'शिकतोय हो बरं' म्हणाली असती. इथे त्याला कोणी काही शिकवू शकत नव्हतं. इथे शिकवणारा तो होता, आणि शिकलेही: १८९६ मध्ये तेच दैनिक लिहितं की जवळच्या सीब्राइटच्या किनाऱ्यावर गावातली पोरं हवाईयनांसारखी फळ्या घेऊन लाटांवर जातात. सेंट मॅथ्यूज हॉलच्या अभ्यासक्रमातलं काहीही कॅलिफोर्नियात इतकं टिकलेलं नाही. शाळाही टिकली नाही, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडली.

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सगळं उलटं फिरलं.

होनोलुलुत गोऱ्या व्यापारी-वकिलांनी 'होनोलुलु रायफल्स' नावाची हत्यारबंद स्वयंसेवक पलटण उभी केली होती. नाव सरकारी, निष्ठा दुसरीकडे. ६ जुलै १८८७ रोजी या पलटणीच्या जोरावर कालाकाउआपुढे नवी राज्यघटना ठेवून सही घेतली गेली. तिला 'संगिनीची राज्यघटना' असंच म्हणतात. राजाचे अधिकार गेले आणि मालमत्तेच्या अटीमुळे वरच्या सभागृहासाठी मत देणं बहुतेक हवाईयनांना अशक्य झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दोन कवायती एकाच वेळी चालू झाल्या. सॅन मटेओच्या मैदानावर राजाचे भाचे रायफल खांद्यावर घेऊन 'लेफ्ट-राइट' करतायत आणि होनोलुलुत दुसरे लोक त्याच तालावर त्यांच्या काकाच्या दारात. राणी कपिओलानी तेव्हा व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लंडनला होती. ती घाईने परतली. नव्या सरकारने परदेशातल्या विद्यार्थ्यांचा खर्च आखडला आणि विलकॉक्सला इटलीहून परत बोलावलं.

सप्टेंबरात एडवर्ड गेला. कॅलिफोर्नियात आजारी पडला म्हणून घरी आणला होता. २१ सप्टेंबर १८८७. वय अठरा. त्याच वर्षअखेरीस हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त नेऊ देणाऱ्या तहाचं नूतनीकरण झालं, त्यात पर्ल हार्बर वापरायचा अनन्य हक्क अमेरिकी आरमाराला मिळाला. एडवर्डबद्दल कुठेही फार लिहिलेलं सापडत नाही. इतिहास थोरल्याचा आणि धाकट्याचा होतो. मधला आहे तो त्या लाटांच्या बातमीत, तोही नाव न घेता.

उरलेल्या दोघांना मग इंग्लंडला पाठवलं, कुहिओला शेतकीच्या कॉलेजात. आणि पुन्हा सुट्टी. सप्टेंबर १८९० मध्ये यॉर्कशरच्या बाजूला ब्रिडलिंग्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावी दोघे आपल्या शिक्षकाबरोबर राहिले होते. तिथून पाठवलेल्या पत्रात ते लिहितात की वारा सुटलाय, आम्हाला खवळलेला समुद्रच आवडतो, लाटांवर फळी घालतो आणि लोक बघून चकित होतात. ब्रिटनमधल्या सर्फिंगची ही पहिली नोंद मानतात. म्हणजे दोन देशांच्या किनाऱ्यांवर पहिलं सर्फिंग या पोरांनी केलं आणि दोन्ही वेळा सुट्टीत. आपल्या चरित्रलेखकांना शाळा, गुरू, पदवी लिहायची फार सवय. मुलगा सुट्टीत काय करायचा हा रकानाच नसतो.

नंतरचा इतिहास पुस्तकांत आहे, मी भराभर सांगते. विलकॉक्सने १८८९ मध्ये आपला इटालियन लष्करी गणवेश चढवून इओलानी राजवाड्यावर बंड नेलं. फसलं. कालाकाउआ १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात वारला. बहीण लिलिउओकलानी राणी झाली. जानेवारी १८९३ मध्ये अमेरिकेच्या 'बोस्टन' युद्धनौकेवरून सैनिक किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्या सावलीत गोऱ्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने राणीला पदच्युत केलं. डेव्हिड राणीची बाजू मांडायला वॉशिंग्टनला गेला. ऐकून घेतलं, राज्य परत मिळालं नाही. १८९५ च्या जानेवारीत विलकॉक्सने पुन्हा उठाव केला, या वेळी त्यात कुहिओही होता. तेवीस वर्षांचा. पकडला गेला, वर्षाची कैद झाली. काहानू नावाची सरदार घराण्यातली तरुणी त्याला तुरुंगात भेटायला येई. सुटल्यावर ऑक्टोबर १८९६ मध्ये दोघांनी लग्न केलं. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यातच घेतली.

इथे कुहिओने जे केलं त्यावर हवाईत अजून वाद होतात. १९०२ मध्ये तो रिपब्लिकन पक्षातर्फे, म्हणजे राज्य घालवणाऱ्यांच्याच पक्षातर्फे, अमेरिकी काँग्रेससाठी उभा राहिला आणि विलकॉक्सला हरवून निवडून आला. दोघेही लष्करी शाळांतून आलेले. एकाने शाळेत शिकलेली बंदूक दोनदा वापरून पाहिली, दुसऱ्याने एकदा वापरून खाली ठेवली. १९०३ पासून १९२२ मध्ये मरेपर्यंत कुहिओ त्या सभागृहात बसला. अजून पूर्ण राज्य नसलेल्या प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून त्याला बोलता येत होतं, समितीत बसता येत होतं, विधेयक मांडता येत होतं. मत देता येत नव्हतं. एकोणीस वर्षं.

त्याला फितूर म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पण त्याला द्रष्टा म्हणून हार घालणाऱ्यांचंही पूर्ण पटत नाही. हवाईला अमेरिकेतल्या राज्याचा दर्जा द्या हे पहिलं विधेयक त्यानेच १९१९ मध्ये मांडलं, आणि आपला देश परत मागणाऱ्या आजच्या हवाईयन तरुणांना ते विसरणं अवघड जातं. मी एवढंच म्हणेन की ज्या खोलीत आपल्याला मत नाही तिथे रोज इस्त्रीचे कपडे घालून, वेळेवर, हसऱ्या चेहऱ्याने एकोणीस वर्षं जायचं, हे लाटेवर उभं राहण्यापेक्षा जड काम आहे. आणि ते काम कुठल्या तालमीत शिकला हे मला सॅन मटेओच्या फलाटावर गाडी थांबली की सुचतं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'बरोबर आहे. तिथे पहिली गोष्ट हीच शिकवतात. तोंडावरची माशी हलू द्यायची नाही.'

त्या एकोणीस वर्षांत त्याने मिळवलेलं सगळ्यात मोठं म्हणजे १९२१ चा हवाईयन होम्स कमिशन कायदा. आपल्याच बेटांवर भाडेकरू झालेल्या, शहरातल्या खुराड्यांत साथीच्या रोगांनी मरणाऱ्या हवाईयनांना जमीन परत मिळावी ही त्याची तळमळ. सुमारे दोन लाख एकर बाजूला काढले. ९९ वर्षांचा भाडेपट्टा, वर्षाला एक डॉलर. पण साखरवाल्यांनी आधी आपली सोय पाहिली. उसाखालची जमीन वगळली गेली आणि उरली ती पुष्कळशी खडकाळ, पाण्याविना. शिवाय हवाईयन कोणाला म्हणायचं यावर घासाघीस झाली. कुहिओचं म्हणणं होतं की बत्तिसावा हिस्सा रक्त असलं तरी पुरे. कायद्यात आलं ते किमान निम्मं. लोक एकमेकांत लग्नं करत होते, पिढ्या मिसळत होत्या, तेव्हा निम्म्याची अट लावली की पात्र माणसं आपोआप घटत जाणार, हे साखरवाल्यांना पक्कं कळत होतं. कुहिओलाही कळत होतं. मिळतंय ते घेतलं. पुढच्याच जानेवारीत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला.

परिणाम असा की निम्म्या रक्ताचा बाप भाडेपट्ट्याच्या घरात आयुष्य काढतो आणि त्याच्या मागे ते घर मुलांना मिळेलच असं नाही, कारण वारसाला किमान चतुर्थांश रक्त दाखवावं लागतं. जमिनीसाठी अर्ज करून थांबलेले लोक हजारोंनी आहेत, काही यादीत असतानाच गेले. २०१७ मध्ये हवाईच्या विधिमंडळाने वारसांसाठीची अट बत्तिसाव्या हिश्श्यावर आणली. कुहिओने जो आकडा आधी सांगितला होता तोच. पण मूळ कायदा वॉशिंग्टनचा, त्यामुळे बदलाला काँग्रेसची संमती लागते. ती मागणारं विधेयक २०२२ मध्ये मांडलं गेलं, पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा मांडलं गेलं. विधेयकाला कुहिओचंच नाव दिलंय. मांडणारे हवाईचे खासदार आता मतही देऊ शकतात. बाकीच्या चारशेहून अधिक खासदारांना ते विधेयक कशाबद्दल आहे हे समजावून सांगायचं काम मात्र त्यांना अजून करावं लागतं.